मांडाच्या कडेला

शाळेचा प्रवेश अर्ज पाच पानी होता. नाव, जन्मतारीख, लसी वगैरे शेवटच्या पानावर. आधीची चार पानं सगळी मुलीबद्दल. तिला कशाचा आनंद होतो? वाईट वाटलं की ती काय करते? तिला एकटं बसायला आवडतं का? घरात तिच्याबद्दलचे निर्णय कोण घेतं? मी म्हापशाला पतसंस्थेत नोकरी करते, दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज तपासत असते. पण या अर्जावर मी तीन रात्री घालवल्या. नवऱ्याने ‘वाईट वाटलं की काय करते’ याच्यापुढे एकच शब्द लिहिला, ‘रडते.’ मी तो खोडून काहीतरी लांबलचक लिहिलं. आता वाटतं, त्याचंच उत्तर ठेवायला हवं होतं.

आम्ही राहतो गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका गावात. माझं माहेर सावंतवाडीकडचं, म्हणून मी घरात मराठी बोलते. सासरचे सगळे कोकणी बोलतात, पण देवापुढची आरती, भजन, जत्रेतलं नाटक आलं की तेही मराठीवर येतात. बाहेरच्या माणसाला हे सांगून कळत नाही. इथे कुठे काय बोलायचं ते कुणी कुणाला शिकवत नाही, आणि चुकतही कुणी नाही. मुलीला घरात सगळे बाय म्हणतात. मीही इथे तेच म्हणते.

शाळा बार्देश तालुक्यात, आमच्या घरापासून स्कूटरने पाऊण तास. जुनं पोर्तुगीज धाटणीचं घर, पुढे बल्काव म्हणजे उघडी ओसरी, त्याच्या दोन्ही अंगांना सोपे म्हणजे बसायचे कट्टे, मागे विहीर आणि दोन आंबे. छत्तीस मुलं. गणवेश नाही, घंटा नाही, परीक्षा नाही. शिकवणाऱ्यांना ताई-दादा म्हणायचं. सकाळी सगळी गोल करून बसतात आणि एकेकाला विचारलं जातं, आज तुला काय करावंसं वाटतं? पालकांत निम्मे मुंबई-दिल्ली-बंगळूरहून येऊन राहिलेले, बरेचसे कोविडनंतरचे. आम्हाला फी झेपत नव्हती, ती त्यांनी कमी करून दिली. पुढे मी तक्रारी करणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आणि शाळा चांगली आहे, हेही. बाय पहिल्या तीन आठवड्यांत कुणाशी बोलली नाही. कुणी तिला बोलायला लावलं नाही. ती विहिरीजवळच्या मुंग्या बघत बसायची, एक ताई तिच्यापासून चार हातांवर आपलं काहीतरी शिवत बसायची. चौथ्या आठवड्यात बायने त्या ताईला मुंगीचं घर दाखवलं. मी ज्या शाळेत शिकले तिथे न बोलणाऱ्या मुलीला बाकावर उभं करत. मी दोनदा उभी राहिले आहे.

वैकल्पिक शाळेचं वेड मला मावशीमुळे लागलं. मावशी कुडाळच्या बाजूला बालवाडी चालवायची. तिच्याकडे डालड्याचे रिकामे डबे होते. एकात चिंचोके, एकात शिंपले, एकात करंजाच्या बिया, एकात बांगड्यांचे तुकडे घासून गुळगुळीत केलेले. मुलं ते ओतायची, मांडायची, मोजायची, आणि घरी जाताना निम्मे चिंचोके खिशात घालून न्यायची. मावशी दर मे महिन्यात नवे गोळा करायची. भिंतीवर एकच फोटो, ताराबाई मोडकांचा. मला लहानपणी त्या आमच्या कुणी नातेवाईक असाव्यात असंच वाटायचं.

तर शाळेच्या पहिल्याच पालकसभेत कुणीतरी विचारलं की सणवार कुठले करणार. उत्तर मिळालं, आम्ही मुलांवर कुठलीच संस्कृती लादत नाही, ती आपली आपण शोधतील. मी मान डोलावली. पटलंच मला ते. मुलाने वाकून नमस्कार केला नाही म्हणून पाठीत धपाटा बसताना मी पुष्कळ पाहिलेत.

मग नोव्हेंबर आला आणि निरोप आला की संध्याकाळी कंदिलांची फेरी आहे. मुलांनी बाटल्यांना रंगीत पतंगी कागद चिकटवून कंदील केले होते. अंधार पडताना छत्तीस मुलं हातात दिवे घेऊन शेताच्या कडेकडेने चालली, इंग्रजीत गाणी म्हणत. गाण्यांत पानगळ होती, थंडी होती, बाहेर गारठलेला कुणीतरी होता. बायचा कंदील निळा होता. दृश्य इतकं सुंदर होतं की माझे डोळे भरून आले, आणि घामाने पाठही भिजली होती, कारण बार्देशातला नोव्हेंबर तो. भात नुकतंच कापून झालेलं. पान एकाही झाडाचं गळलेलं नाही.

घरी येऊन मी शोधलं. ही फेरी जर्मनीतली, ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या दिवसाची. वाल्डॉर्फ शाळांनी ती उचलली आणि जगभर नेली. त्यातली पहिली शाळा रुडॉल्फ स्टायनरने १९१९ साली श्टुटगार्टमध्ये काढली, वाल्डॉर्फ-अस्टोरिया नावाच्या सिगारेटच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. त्या थंडीत, त्या अंधारात मुलांच्या हाती दिवा देणं किती शहाणपणाचं असेल. आमच्याकडे मात्र त्याच दिवसांत तुळशीचं लग्न होतं. गोव्यात त्याला व्हडली दिवाळी म्हणतात. अंगणात ऊस, आवळ्याची आणि चिंचेची डहाळी, वृंदावनाभोवती पणत्या, आणि भटजी येईपर्यंत ताटकळलेली सगळी पोरं. बायने तिथे आपला निळा कंदील आणून ठेवला. आज्याने तो तुळशीच्या पायरीवर पणत्यांच्या ओळीत बसवून टाकला. विषय संपला.

जर्मन कंदिलाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कुठलीच संस्कृती लादत नाही असं म्हणणाऱ्यांना आपली स्वतःची दिसत नव्हती. आपल्या घरचा वास आपल्याला येत नाही, तसं. प्रत्येकाची चटई वेगळी, तिच्यावर मांडलेल्या कामाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, तिच्यावर पाय ठेवायचा नाही, ही मॉन्टेसरीची शिस्त शाळेत आहे. छान शिस्त आहे. बायने ती घरी आणली. पडवीत चटई अंथरून तिने माझी बटणं रंगांप्रमाणे लावली, आणि सासूबाई नेहमीच्या सवयीने त्याच चटईच्या कोपऱ्यावर तांबडी भाजी निवडायला बसल्या. "धिस इज माय वर्क," बाय ओरडली. सासूबाईंना काय ते कळलं नाही. त्यांनी तिच्या पुढ्यात भाजीच्या चार काड्या टाकल्या. थोडा वेळ फुरंगटून बसल्यावर बाय त्या मोडायला लागली. आमच्या घरात माझी चटई, माझं काम असं काही नसतं. चटई ज्याची पाठ टेकेल त्याची.

दुसऱ्या वर्षीच्या चवथीला मात्र माझी खरी परीक्षा झाली.

चवथ म्हणजे आमच्याकडे आठ दिवस आधीपासून. भावजी आणि पुतणे माटोळीचं सामान आणायला रानात जातात, राहिलेलं म्हापशाच्या नाहीतर डिचोलीच्या बाजारातून येतं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातलं आणि परसातलं जे जे म्हणून पिकतं ते बांधायचं. नारळाची पेंड, सुपारीचा घोस, तोरिंग, चिबूड, तांबडीलाल कवंडळं, कांगलां, हलवली की वाजणाऱ्या घागऱ्या. बायला दोन वर्षांत त्यातल्या पंधरा-वीस वस्तूंची नावं यायला लागली, ती कुणी तिला शिकवली नाहीत. भावजी शिडीवर चढून ओरडतात, "कवंडळ दी गो!" आणि खाली जे मूल असेल त्याने ढिगातून ते काढून द्यायचं. चुकीचं दिलं तर ते खाली परत येतं. बस्स. पुस्तकात चित्र दाखवून हे करायला महिना लागला असता.

संध्याकाळी आरती. घुमटं बाहेर निघाली. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी तोंड असलेला मातीचा घट, मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, धाकटं तोंड उघडं. उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत आवाज घुमवायचा. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं. २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेही या बदललेल्या कातड्यानिशी. भावजी म्हणतात, नाद तो नाही. सासरे म्हणतात, नाद हातात असतो. हा वाद दर चवथीला होतो आणि त्यात कुणाला कुणाला पटवायचं नसतं. पावसाळ्याच्या ओलीने कातडं सैल पडतं, म्हणून घुमटं चुलीपासल्या ऊबेला ठेवून घट्ट केली होती. सगळे बसले. सासऱ्यांनी बायला हाक मारली, "ये गो, आरतीक बस."

"आय डोन्ट वॉन्ट टू," बाय म्हणाली.

माझे कान तापले. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरलेले नाही. शाळेत असं म्हटलं की ताई खाली बसून, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन म्हणते, ठीक आहे, तुला काय वाटतंय ते सांगशील का? मी तसं काही करावं की तिला दंडाला धरून बसवावं, या विचारात मी असताना सासरे म्हणाले, "बरें." आणि त्यांनी थाप मारली. तापलेलं घुमट थांबत नाही.

तिसऱ्या आरतीला बाय आपण होऊन आली आणि भावजींच्या मांडीला टेकून बसली. कुणी ‘शाबास’ म्हटलं नाही. ‘आलीस ना शेवटी’ असंही म्हटलं नाही. माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट ही दुसरी. शाळा ज्याला मुलाच्या निवडीचा आदर म्हणते, त्याच्यासाठी तिथे प्रशिक्षण घ्यावं लागतं. इथे नुसतं मोठ्यांना मुलांपेक्षा महत्त्वाचं काम होतं, म्हणून ते घडलं.

त्या रात्री मी पोरांकडे नीट बघितलं. आठ-दहा वर्षांचे मुलगे घुमटवाल्यांच्या मागे बसतात आणि आपल्याच गुडघ्यावर वाजवतात. दोन-तीन वर्षं गुडघा. मग प्लॅस्टिकचा डबा. मग कधीतरी अकराव्या-बाराव्या घरच्या आरतीला एखाद्या काकाचा हात दुखायला लागतो, आणि तो काही न बोलता घुमट मागे सरकवतो. ज्याच्या पुढ्यात येईल त्याने घ्यायचं. चुकलं तर भावजी नुसते बघतात. एवढीच त्यांची अध्यापनपद्धती.

"मला कधी?" बायने विचारलं.

भावजी हसले. "चेडवांनी कासाळें वाजवचें." कासाळें म्हणजे मोठी झांज.

"कित्याक?"

हा ‘कित्याक’ शाळेतून आला होता. आमच्या घरात पाच वर्षांच्या मुलीने खरोखर उत्तराची वाट बघत विचारलेलं ते पहिलं ‘का’ असेल. भावजींकडे उत्तर नव्हतं. बायकांची घुमट आरतीची पथकं आता गोव्यात आहेत, स्पर्धांत उतरतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "बघूया." बाय आज दीड वर्ष गुडघ्यावर वाजवते आहे.

याची दुसरी बाजूही सांगते. बायने शाळेच्या गोलात सांगितलं की मला घुमट वाजवायचंय. शाळेत तोवर आफ्रिकेतला जेंबे ढोल होता, घुमट नव्हतं. (हे मी शांतपणे लिहिते आहे.) ताईंना फार आनंद झाला, त्यांनी आठवड्याच्या आत घुमट आणलं, खाली गादी घालून संगीताच्या कोपऱ्यात ठेवलं. ज्याला हवं त्याने, हवं तेव्हा वाजवावं. पहिले चार दिवस रांग लागली. पंधरवड्यात कुणी फिरकेना. वाट बघायला लागत नव्हती, कुणाचा हात दुखत नव्हता, पुढे आरती नव्हती. दिवाळीच्या सुमारास ते कुणाच्या तरी लाथेने फुटलं. ताईने मुलांबरोबर बसून ‘वस्तू फुटल्यावर आपल्याला काय वाटतं’ यावर चांगली चर्चा घेतली, असं कळलं.

मग पुढच्या वर्षी आजी-आजोबांचा दिवस आला. घरातल्या मोठ्यांनी येऊन आपल्याकडची एखादी परंपरा मुलांना द्यावी, अशी कल्पना. मी सासूबाईंना म्हटलं, तुम्ही धालो घ्या. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी त्यांना देवाची मूर्ती बाजारात न्यायला सांगितली असावी. "मांडावयलें तें हांगा कशें म्हणप?" धालो म्हणजे बायकांनी नाचत म्हणायची गाणी, पौषात, रात्री, मांडावर. मांड म्हणजे वाड्यावरची ठरलेली जागा, शेणाने सारवलेली, देव मानलेली. सकाळी अकरा वाजता, दसऱ्याच्या सुट्टीआधी, फरशीवर त्यातलं काही म्हणायचं नाही. मी थोडी चिडलेच. मग त्या म्हणाल्या, येते मी, बसेन.

आणि त्या आल्या नि खरंच बसल्या. घरून आबोली आणि जाईच्या कळ्या आणल्या होत्या, केळीच्या सोपटाचा सुकवलेला दोर पाण्यात भिजवून पिशवीत घेतला होता. बल्कावातल्या सोप्यावर पाय वर घेऊन दोराचं टोक उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि फांती करायला लागल्या. आबोलीची दोन फुलं एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, दोराचा वेढा, बोटाने खाली ओढून गाठ. पुन्हा दोन, पुन्हा दोन. मुलांकडे बघितलंसुद्धा नाही. एका ताईने विचारलं, काही साहित्य मांडू का? सासूबाईंना ते कळलं नाही. त्यांनी मला हळूच विचारलं, "ह्या भुरग्यांक कोणूच कितें सांगना?" भुरगीं म्हणजे मुलं.

दहा मिनिटांनी एक मुलगा येऊन उभा राहिला. मुंबईचा असावा. मग दोन मुली. सासूबाईंनी एकीच्या हातात कळ्यांची परडी दिली, धरायला. परडी मिळाल्यावर ती मुलगी जागची हलली नाही. थोड्या वेळाने एकजण न सांगता फुलं दोन-दोन करून पुढे करायला लागला. साडेअकराला आठ मुलं त्यांच्या भोवती, आणि एकाच्या पायाच्या अंगठ्यात दोर. गाठ त्याला जमत नव्हती. सासूबाईंनी त्याची फांती दोनदा उसवली, एकदाही काही बोलल्या नाहीत. तिसऱ्यांदा जमली तेव्हा त्यांनी ती आपल्या फांतीला जोडून टाकली, म्हणजे ती आता कुणा एकाची राहिली नाही. मुलगा जरा गोंधळला. शेवटी ती सगळी मिळून दीड हात लांब माळ झाली आणि एका स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या केसांत गेली.

ताई भारावल्या होत्या. पुढच्या आठवड्यात संगीताच्या कोपऱ्याशेजारी एका ट्रेमध्ये कृत्रिम फुलं आणि लोकरीचा धागा ठेवलेला दिसला, वर चिठ्ठी, ‘माळ करा’. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

घरी येताना स्कूटरवर मागे बसून सासूबाई म्हणाल्या, बरी शाळा आहे, मुलं शांत आहेत. आणि मग, पण त्यांना बघायला कुणी काही करतच नाही गो. सगळे मुलांनाच बघत बसलेत.

हे वाक्य मला आठवडाभर पुरलं. मुलाला मध्ये बसवायचं आणि आपण भोवती बसायचं, हे आम्ही शाळावाले करतो. सासूबाईंच्या घरात काम मध्ये असतं, माणसं त्याच्याभोवती, आणि मुलं सगळ्यात बाहेरच्या कडेला. तिथून दिसतं, ऐकू येतं, जमेल तेव्हा आत सरकता येतं, कंटाळा आला तर कुणाच्या लक्षात न येता पळताही येतं. गोलात मध्ये बसवलेल्या मुलाला पळता येत नाही. त्याला काय वाटतंय ते सांगावंच लागतं.

मग मला मावशीच्या भिंतीवरच्या बाई आठवल्या. ताराबाई मोडक मुंबईत शिकलेल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी मॉन्टेसरीचं काम केलं, १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. मॉन्टेसरीबाईंनी रोममध्ये १९०७ साली पहिलं बालगृह सुरू केलं ते सान लोरेंझोच्या गरीब वस्तीत, पण तिथून निघून पद्धत इथवर पोचेपर्यंत तिची साधनं महाग होऊन बसली होती. ताराबाई १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, बरोबर अनुताई वाघ. बालवाडी मांडली, आणि पाड्यावरची मुलं येईनात. मग त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. एक ती मध्यवर्ती बालवाडी आणि एक ही अंगणातली. सरकारच्या ‘अंगणवाडी’ची मुळं तिथलीच. साधनं म्हणून पानं, बिया, खडे, शंखशिंपले. १९५७ साली सगळं कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि तिथे तर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलं कुरणात तर शाळा कुरणात. आज वाचताना मला धक्का बसतो तो याचा, की मुलाला मध्ये आणण्यासाठी या बायका स्वतः उठून कडेला गेल्या. मावशीचे डालड्याचे डबे कुठून आले ते मला चाळिशीला आल्यावर कळलं. आणि तिथली भाषा मुलांची होती. आमच्या बार्देशातल्या शाळेत बायने काय वाटतंय ते सांगायचं ते इंग्रजीत. तिला वाईट वाटतं ते कोकणीत.

तेव्हा काढा तिला आणि घाला गावच्या शाळेत, असं जाऊबाई म्हणतात, आणि मी सहज उडवून लावू शकत नाही. गोवा मुक्तीनंतर गावोगाव ज्या सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातलीच आमची एक. सासरे तिथेच शिकले. आता सगळे वर्ग मिळून अकरा मुलं, एकच बाई, एकाच खोलीत पहिली ते चौथी. पहिलीतलं मूल चौथीतल्याचं बघून पाढे म्हणतं. बार्देशातल्या माहितीपत्रकात याला मिश्र वयोगट म्हणतात आणि त्याचे पैसे पडतात. पण त्या एकट्या बाई निवडणुकीच्या कामाला गेल्या की शाळेला कुलूप, आणि असल्या की ‘हाताची घडी तोंडावर बोट’. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा गोवाभर मोर्चे निघाले. त्यात मातृभाषेसाठी घोषणा देणाऱ्या किती जणांची मुलं अशा एका खोलीत बसत होती, हे मी नवऱ्याला विचारलं. तो मोर्चात होता. तो म्हणाला, तू पतसंस्थेत बरी आहेस.

गेल्या आठवड्यात धालो सुरू झाले. पाच रात्री. जेवणं उरकून दहाच्या पुढे बायका मांडावर जमतात. दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेत हात, एक रांग गात वाकत पुढे येते आणि मागे जाते, मग समोरची तेच गाणं उचलते. ग्रामदेवतेला, धरतीला नमन होऊन मग सासर-माहेर. मला पहिल्या वर्षी एक ओळ येत नव्हती. मला रांगेच्या टोकाला लावलं होतं, जिथे पोरी लोंबकळतात. शब्द यायच्या आधी पाय यायला लागले. अजूनही मी टोकापासून तिसरीच आहे.

मांडाच्या कडेला पायरीवर शेजारची काकी बसते. रांगेत कधी नसते. नवरा गेल्यापासून नसते, म्हणजे मी लग्न होऊन येण्याच्याही आधीपासून. तिला कुणी येऊ नको म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणावंच लागत नाही. मजा अशी की वाड्यावर सगळी गाणी फक्त तिलाच येतात. कडवं अडलं की दोन्ही रांगा थबकतात आणि माना पायरीकडे वळतात. काकी शब्द देते, रांग पुढे जाते. मी सात वर्षं हे बघते आहे आणि सात वर्षं मला ते मांडाच्या सारवणाइतकंच नेहमीचं वाटत आलं आहे. कडेला बसून शिकण्याबद्दल मी वर एवढं लिहिलं. कडेला बसवूनच ठेवणं म्हणजे काय, ते त्यात आलं नाही.

तिसऱ्या रात्री गाणं असंच अडलं, माना वळल्या, काकीने ओळ दिली, आणि त्या क्षणभराच्या शांततेत रांगेच्या टोकावरून बायचा आवाज आला. गोलात बसून विचारतात तसा, स्वच्छ.

"काकी, तूं वळींत कित्याक येना?"

कुणी हसलं नाही. सासूबाईंनी पदर सारखा केला. मी सगळ्या रांगेकडे न बघता जमिनीकडे बघत राहिले. बायकांना वाटलं असणार, बघा, पाच पानी अर्जाची शाळा. मला वाटलं, शाळेने हे एक दिलं, आणि हे नेमकं आत्ता, इथे, माझ्या सासरच्या मांडावर. दोन्ही एकदमच वाटलं.

"हांव हांगाच बरी," काकी म्हणाली.

पलीकडच्या रांगेने गाणं उचललं. आमची रांग पुढे गेली, वाकली, मागे आली. माझ्या डाव्या हाताला असलेली पोर टोकाला रिकामी लोंबकळत होती, कारण तिच्या पलीकडची बाय तिथे नव्हती. ती पायरीवर काकीला टेकून बसली होती, तोंड उघडं, काकीच्या ओठांकडे बघत, आणि हात गुडघ्यावर चालत होता.

चौथ्या रात्रीही ती तिथेच बसली. पाचव्या रात्री एक कडवं अडलं, माना वळल्या, आणि पायरीवरून दोन आवाज आले. धाकट्याने एक शब्द चुकवला. काकीने तिच्याकडे नुसतं बघितलं.